वस्तादांच्या पायाशी

इंद्रजित आबांच्या पायाशी वाकला आणि सरळ झाला, तेव्हा त्याच्या उजव्या अंगठ्याखालून रक्त गळत होतं. मधल्या क्षणात काय झालं ते आमच्यापैकी कुणी पाहिलंच नाही. कसला आवाजही झाला नव्हता.

"आयला," इंद्रा हाताकडे बघत म्हणाला. मग आबा समोर आहेत हे आठवून त्यानं जीभ चावली. "चावलं की, वस्ताद. ह्येनंच चावलं."

आमचा कुत्रा मौनी आबांच्या खुर्चीखाली होता. कान मागे गेलेले, अंग आक्रसलेलं, नजर फरशीवर. नमस्कारासाठी मागे रांगेत उभी असलेली पोरं भिंतीला जाऊन चिकटली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो इंद्राच्या हाताचा नव्हता. हा आधी गुरगुरला का नाही, हा होता.

इंद्राला मी नळाखाली नेलं आणि साबण लावून त्याचा हात धूत राहिले. दोन दात खोल गेले होते.

"ताई, रविवारी निवड चाचणी हाय."

"माहीत आहे. हात हलवू नकोस."

"अंगठ्याशिवाय पकड बसत न्हाई वं."

"माहीत आहे, इंद्रा."

"तुमास्नी समदं म्हाईत असतंय," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण साबण झोंबल्यामुळे त्याचं तोंड वाकडं झालं.

आबा खुर्चीतून उठले नव्हते. काठी मांडीवर आडवी ठेवून ते बसून होते. इंद्राला दवाखान्यात घेऊन पोरं गेली, अंगण रिकामं झालं, तेव्हा ते म्हणाले, "उद्या त्या कुत्र्याला परत सोडून ये."

ही गोष्ट कोल्हापुरातली, बऱ्याच वर्षांपूर्वीची. आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव वस्ताद. आमचं घर तालमीला लागूनच, अंगण एकच. संध्याकाळी जोर-बैठका आणि लढती झाल्या की अंगाला लाल माती लागलेली पोरं अंगणात यायची, आबांच्या पायाला हात लावायची आणि घरी जायची. आई नव्हती. मी त्याच हिवाळ्यात सांगलीहून, सासरहून, एक बॅग घेऊन परत आले होते. का आले ते मी सांगितलं नव्हतं आणि आबांनी एकदा विचारून सोडून दिलं होतं. एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळाली. दुधातली भेसळ तपासायची. डेअरीच्या वाटेवर सोडून दिलेल्या जनावरांचा एक आश्रम होता. तिथं मी सुटीच्या दिवशी जाऊ लागले आणि तिथल्या डॉक्टर उपाध्येबाईंनी एक दिवस मला मौनी दाखवला.

बदामी रंगाचा, एक कान फाटलेला, मजबूत छातीचा कुत्रा. भंगाराच्या गोदामात साखळीला बांधून वाढलेला. दोन माणसांना चावला म्हणून मालकानं आणून टाकलेला. त्याला कुणी नेत नव्हतं. मी घेऊन आले.

आबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. "कुत्रं दारात असतंय, घरात न्हाई." पण त्यांच्या लक्षात आलं की हा भुंकत नाही, केकाटत नाही, शेपटीवर पाय पडला तरी आवाज काढत नाही. तेव्हा ते खूश झाले. "असा पैलवान पायजे," ते पोरांना म्हणाले. "न्हाईतर तुम्ही! जरा पाठ टेकली की आई-आई करताय." मौनी हे नाव त्यांनीच ठेवलं. त्यानंही आबांची खुर्ची निवडली. दिवसभर त्यांच्या पायाशी. संध्याकाळी पोरं यायच्या वेळेला मात्र मी त्याला परसात बांधत असे. त्या दिवशी डेअरीतून यायला उशीर झाला आणि तो आबांपाशीच राहिला.

"परत नेला तर त्याला मरणाचं इंजेक्शन देतील, आबा," मी म्हणाले. "आता तीन जणांना चावलाय."

"देऊ देत. पोराची चाचणी गेली. वर्सभर घाम गाळलाय त्यानं."

मी आत जाऊन उपाध्येबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रेबीजची लस मौनीला वेळेवर दिलेली होती, तरी इंद्राची इंजेक्शनं पूर्ण करा, असं त्यांनी बजावलं. मग विचारलं, "चावायच्या आधी गुरगुरला?"

"नाही."

"मग अवघड आहे."

"गुरगुरला असता तर बरं झालं असतं?"

"तू केमिस्ट ना गं? मग इंडिकेटर न घालता टायट्रेशन करशील का? रंग बदलला नाही म्हणजे काही घडत नाहीये, असं समजशील? त्या गोदामवाल्याला मी भेटले होते. मोठ्या अभिमानानं सांगत होता. आधी लई गुरगुरायचं, म्हणे, सळईनं मोडून काढली सवय. सवय मोडली, भीती तशीच आहे. घाबरलेलं कुत्रं आधी सांगतं, लांब राहा. मग दात दाखवतं. मग चावतं. याच्या मधल्या पायऱ्या त्या माणसानं काढून टाकल्यात."

"परत बसवता येतात?"

"कधी कधी. तो कशाला भितो ते शोध. लांबून, सावकाश सवय कर. तोंडाला जाळी हवीच. आणि एक लक्षात ठेव. तो गुरगुरला की समोरच्यानं मागं सरायचं. त्याचं ऐकलं गेलं, हे त्याला कळलं पाहिजे. त्या आवाजाबद्दल एकदा जरी मार बसला तर मग मीच तुला सांगेन, घेऊन ये म्हणून."

आबा अजून खुर्चीतच होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मुदत मागितली. माझ्या आयुष्यात मी त्यांच्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या. त्यामुळे असेल, त्यांनी नाही म्हटलं नाही. विचार केला.

"गुरुपौर्णिमेपर्यंत," ते म्हणाले. "त्या दिवशी तालमीतली आजवरची समदी पोरं येत्यात. हे माझ्या पायाशी बसंल. एकावरबी गेलं न्हाई तर ऱ्हाईल. गेलं तर तूच न्यायचं त्याला. मी न्हाई सांगणार परत."

"तोंडाला जाळी असेल."

"असू दे. पण नुसती झेप टाकली तरी चावलं असंच मी धरणार."

"त्या दिवसापुरता नमस्कार दोन पावलं लांबून केला तर?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परकी भाषा बोलले होते. "माझ्या वस्तादांच्या पायाची धूळ घेतल्याशिवाय मी कधी मातीच्या हौद्यात कुस्तीला उतरलो न्हाई. लांबनं नमस्कार पुढाऱ्याला करत्यात. ते बंद व्हायचं न्हाई, कुमुद."

दुसऱ्या दिवशीपासून मी कामाला लागले. दुधाच्या नमुन्यात काही गडबड असली की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. बाकी सगळं तसंच ठेवतो. इथंही तेच करायचं ठरवलं. पण मला समोरून येणारा माणूस हवा होता. आणि तो स्वतःहून आला, हाताला बँडेज बांधून.

"हात मोकळाच हाय माजा," इंद्रा म्हणाला. "बसून काय करू? आणि ह्येच्या मनात माज्याबद्दल काय हाय ते एकदा कळू दे."

"भीती वाटत नाही?"

"वाटत्या की. म्हणून तर जाळी घट बांधा."

आबा डुलकी घ्यायला आत गेले की मी त्यांच्या खुर्चीत बसायची, मौनी दोरीनं माझ्याजवळ, तोंडाला चामड्याची जाळी. इंद्रा फाटकातून आत यायचा. नुसता चालत आला, मौनी बघत राहिला. हात वर केला, काही नाही. "वस्ताद!" म्हणून ओरडला, काही नाही. गुडघ्यावर बसला, कान हलले. मग मी त्याला नमस्कार करायला सांगितलं, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उभं राहून.

तो वाकला, त्याचा हात जमिनीकडे गेला आणि माझ्या पोटरीला टेकलेलं मौनीचं अंग लाकडासारखं झालं. श्वास थांबला. तोंड मिटलं. डोळे त्या हातावर खिळले.

"उभा राहा," मी म्हणाले. "परत वाक. हात खाली नेऊ नकोस."

अंग जरा सैल पडलं.

"आता हात खाली."

लाकूड.

इंद्रा वाकलेलाच राहिला आणि खाली, फरशीकडे गेलेल्या आपल्या हाताकडे बघत बसला. मग तो हळूहळू उभा राहिला. "ताई," तो म्हणाला, "गावाकडं आमी कुत्र्याला भ्यालो की नुसतं असंच करायचो. दगड नसायचाच. नुसतं वाकून हात भुईला लावला की पळायची."

रोज संध्याकाळी तालमीतली सगळी पोरं ओळीनं येऊन आबांच्या पायाशी वाकत होती, हात भुईकडे नेत होती. आम्ही त्याला नमस्कार म्हणत होतो. त्या दिवशी खुर्चीखालच्या मौनीच्या हिशेबानं एकामागून एक माणूस त्याच्या नाकासमोर दगड उचलायला येत होता.

"बिचारं," इंद्रा म्हणाला. "आणि मी पैल्या नंबरला हुतो."

मग आम्ही रोज तेच करू लागलो. इंद्रा लांबच्या भिंतीपाशी जरासा वाकायचा आणि त्याच क्षणी मी मौनीला जाळीच्या फटीतून उकडलेल्या काळजाचा तुकडा द्यायची. उभा राहिला की तुकडा बंद. वाकणं म्हणजे काळीज, एवढंच त्याला कळायला हवं होतं. अंग ताठ झालं की आम्ही मागे सरायचो. भिंतीपासून तुळशीपर्यंत यायला पुष्कळ दिवस गेले. निवड चाचणी होऊन गेली. इंद्राच्या जागी दुसरा गेला आणि तिसऱ्या फेरीत पडला. इंद्रा त्या दिवशीही आला आणि भिंतीपाशी जाऊन वाकला.

मग एका संध्याकाळी ते घडलं. मी मौनीला परसात नेत होते. तालमीतल्या एका पोराच्या हातातला टॉवेल खाली पडला आणि तो उचलायला अगदी आमच्याजवळ वाकला. मौनीच्या घशात काहीतरी हललं. आवाज म्हणावा इतकाही नव्हता तो, हातातल्या दोरीला जाणवलेली नुसती थरथर. मला आनंद व्हायलाही वेळ मिळाला नाही. "गुरगुरतोस व्हय रं!" म्हणत पोरानं पायातली चप्पल काढून हाणली. ती मौनीच्या तोंडावर बसली.

तो ओरडला नाही. पाण्याच्या टाकीमागे गेला आणि दुसऱ्या दिवशी काळजाचा तुकडासुद्धा घ्यायला बाहेर आला नाही.

"तुमी त्याला झाडायला पायजे हुतं, ताई," इंद्रा मला म्हणाला. त्या पोराला त्यानं स्वतः धरून दोन शब्द सुनावले होते. "तुमच्या हातातल्या कुत्र्याला मारलं आणि तुमी नुसत्या बघत ऱ्हायला."

"बोलून काय होणार?"

"मग न बोलून काय झालं?"

मी तिथून निघाले. टाकीपाशी जाऊन बसले.

त्याच सुमारास आबा एकदा जेवताना म्हणाले, "सांगलीचा फोन हुता. जयसिंगराव यायचं म्हणतोय. पौर्णिमेच्या सुमारास."

जयसिंगराव म्हणजे माझे थोरले दीर. आबांच्याच तालमीत घडलेले. माझं लग्न त्यांच्या धाकट्या भावाशी, रणजितशी, जुळलं ते त्याच ओळखीतून.

"बरं," मी म्हणाले.

"बरं म्हंजे काय?"

"येऊ देत."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "न्यायला येतोय, कुमुद."

"कळलं मला." मी त्यांच्या ताटात आमटी वाढली आणि तो विषय तिथंच राहिला.

मौनी टाकीमागून बाहेर आला, पण आम्हाला पुन्हा भिंतीपासून सुरुवात करावी लागली. पौर्णिमा जवळ आली तशी मी डेअरीतून रजा घेतली. इंद्राचं बँडेज निघालं होतं. तो तुळशीपर्यंत पोचला, मग तुळस ओलांडून खुर्चीसमोर आला. मौनी त्याला वाकलेलं बघून माझ्या हाताकडे बघू लागला, तुकडा कुठंय म्हणून. पण तो इंद्राला ओळखत होता. पौर्णिमेला येणारी शंभर माणसं त्याच्या ओळखीची नव्हती. आणि त्याला आवाज परत आला आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. गप्प बसलेला मौनी शांत आहे की आतून ताठ आहे, हे बाहेरून सांगता येत नव्हतं. उपाध्येबाईंना फोन करून मी हेच विचारलं. "मग त्या दिवशी बसवू नकोस त्याला," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, मग आबा ठेवणार नाहीत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी पाऊस उघडला होता. आबा बाहेर खुर्चीत बसून आमचा सराव बघत होते. शेवटच्या खेपेला इंद्रानं त्यांच्या पायाला खरोखर हात लावला. मौनी हलला नाही.

"जमलं की," आबा म्हणाले.

मी मौनीला पाणी प्यायला मिळावं म्हणून जाळी काढली. तो प्यायला, आणि नेहमीसारखा आबांच्या खुर्चीखाली जाऊन पडला. दोरी त्याच्या गळ्यातून जमिनीवर सुटी लोळत होती. मी भांडं ठेवायला वळले.

"वस्ताद!"

तालमीच्या बाजूचं दार ढकलून जयसिंगराव आत आले. पांढरा सदरा, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. तालमीतून थेट अंगणात यायची त्यांची जुनीच सवय. "उद्या गर्दी असती, म्हटलं आजच पाय धरावं," असं म्हणत ते चार ढांगांत खुर्चीपाशी पोचले, पुडा डाव्या हातात घेतला, आणि वाकले.

मी पाच-सहा हात लांब होते. धावले असते तर मौनी दचकला असता. इंद्राही जागच्या जागी थिजला होता.

मला आधी वाटलं, बाहेर रस्त्यावर टेम्पो सुरू झाला. मग कळलं की तो आवाज खुर्चीखालून येतोय. खोल, खरखरीत, पुष्कळ दिवस न वापरलेल्या यंत्रासारखा. अडखळत होता, पण थांबत नव्हता. जयसिंगरावांचा हात आबांच्या पावलापासून वीतभर अंतरावर आणि मौनीचे उघडे पडलेले दात त्या हातापासून तेवढ्याच अंतरावर. त्यानं दात लावले नव्हते.

"गुरगुरतंय की हे!" जयसिंगराव वाकलेल्या अवस्थेतच ओरडले.

आबांची काठी वर गेली.

"काठी खाली!"

हा आवाज माझा होता. अंगणाच्या भिंतीवर आपटून तो परत आला तेव्हा मलाही तो अनोळखी वाटला. आबांशी त्या स्वरात घरात कुणीच कधी बोललं नव्हतं. आईसुद्धा नाही. काठी वरच राहिली.

"आबा, त्याला मारायचं नाही. काठी खाली घ्या. भाऊजी, हात होता तिथंच ठेवा. हलू नका. आता सावकाश उभे राहा. हात पोटाशी. एक पाऊल मागं. अजून एक."

जयसिंगराव मागे सरले. गुरगुर हळू झाली, तुटक झाली, थांबली. मौनीनं ओठ चाटले आणि वर आबांकडे पाहिलं, काठीकडे. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. मार येणार याची तो वाट बघत होता.

मी चालत गेले, दोरी उचलली आणि खिशातला काळजाचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

"अंगावर गेल्याबद्दल बक्षीस?" जयसिंगराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "वस्ताद, ही काय पद्धत म्हणायची?"

"खुळी झालीस काय, कुमुद?" आबा म्हणाले.

"इंद्राला चावला तेव्हा आवाज केला नव्हता," मी म्हणाले. "आज केला. तोंडाला जाळी नव्हती, दोरी सुटी होती, हात समोर होता. तरी चावला नाही. लांब राहा म्हणून सांगितलं. या सांगण्याबद्दल त्याला सळईनं मारलंय, म्हणून तो सांगायचा थांबला होता. आता तुम्ही मारलंत तर परत कधी सांगणार नाही. एकदम चावेल आणि मग आपण म्हणू, इतका गरीब होता, अचानक काय झालं."

इंद्रानं घसा खाकरला. "म्हंजे ताई, गुरगुरलं म्हणून ते सुधारलं, असं म्हणायचं?"

"हो."

"मग मी आदी गुरगुरून घ्यायला पायजे हुतं त्येच्याकडनं," तो म्हणाला आणि आपला अंगठा चोळू लागला. आबांनी काठी खाली घेतली, पण हातातून सोडली नाही.

जयसिंगराव तुळशीच्या कट्ट्यावर टेकले, मौनीपासून बऱ्याच अंतरावर. इंद्रानं त्यांना पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सदऱ्यानं तोंड पुसलं आणि त्यांचा नेहमीचा भारदस्तपणा परत आला.

"मी खरं म्हंजे दुसऱ्याच कामाला आलोय. कुमुदिनी, तुला न्यायला आलोय. उद्या चांगला दिवस हाय, उद्याच निघू. रणजितला मी समजावलंय. पण वस्ताद, मला एक सांगा. सहा वर्सं ही पोरगी आमच्या घरात हुती. कधी वर तोंड करून बोलली न्हाई. माझी आई गावभर सांगायची, असली गरीब सून मिळायला भाग्य लागतंय. आणि एक दिवस उठून बॅग घेऊन चालती झाली. न भांडण, न तंटा. आदी एका शब्दानं तरी सांगायचं हुतं का न्हाई? काय समजायचं माणसानं?"

आबा मौनीकडे बघत होते. तुकडा खाऊन मौनी पुन्हा खुर्चीखाली गेला होता, आबांच्या उघड्या पावलाला पाठ लावून.

"सांगितलं हुतं तिनं," आबा म्हणाले.

"कुणाला?"

"मला. फोन केला हुता. लग्नाच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्सी." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "आबा, हे बाहेरनं कुलूप लावून जात्यात, म्हणाली. व्हय ना गं?"

"हो."

"मी काय म्हणालो तवा?"

मला ते वाक्य नेमकं आठवत होतं. "काळजी असेल म्हणून लावत असतील, म्हणालात. आणि परत असल्या बारीकसारीक गोष्टीसाठी फोन करू नको, म्हणालात."

"आणि तू परत केला न्हाईस."

"नाही."

जयसिंगराव उठून उभे राहिले. "वस्ताद, कुलूप काय, घरात चोरीमारी–"

"बस खाली, जयसिंग."

ते बसले.

आबांनी काठी जमिनीवर ठेवली, खुर्चीपासून लांब, पायानं अजून थोडी पुढे सरकवली. मग इंद्राकडे वळले. "इंद्रा, उद्या फाटकापाशी तू थांबायचं. येणाऱ्या समद्यास्नी सांगायचं, वस्तादांना नमस्कार दोन पावलं लांबनं, हात जोडून. वाकायचं न्हाई. कुणी का म्हणून विचारलं तर सांग, वस्तादांची आज्ञा. हे कुत्रं हितंच ऱ्हाणार हाय."

"जी, वस्ताद."

"आता जा तू."

इंद्रा गेला. फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला. अंगणात आम्ही तिघंच उरलो, आणि मौनी. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता, पण कुणी आत जायचं नाव काढलं नाही.

"जयसिंगसमोर बोल," आबा मला म्हणाले. "त्यालाबी ऐकू दे. मीबी ऐकतो."

मी सांगितलं. कुलूप रोज असायचं, रणजित कामावर निघाले की. सांगलीतल्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी पहिल्याच वर्षी सुटली ती त्यामुळे. एकदा गॅसचा वास येऊ लागला, खिडकीतून मी शेजारच्या बाईंना हाका मारल्या, त्यांनी दगडानं कुलूप तोडलं. संध्याकाळी रणजितनी नवं कुलूप आणलं, आधीच्यापेक्षा मोठं. मी हे सगळं जसं घडलं तसं, क्रमानं, एकही विशेषण न लावता सांगितलं. मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगताच येत नाही. जयसिंगराव आधी माझ्याकडे बघत होते, मग मांडीवरच्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघू लागले. एवढं पुरे, असं वाटून मी थांबले.

"आणि?" आबांनी विचारलं.

त्यांनी मला कधी हा प्रश्न विचारला नव्हता. आणखी काही आहे का हे मलाही विचारल्यावरच कळलं. होतं. पुष्कळ होतं.

मी पडवीतला पाट ओढून आणला आणि त्यांच्यासमोर बसले.